खिडकीजवळची खुर्ची

रिद्धीला लहानपणापासून नर्स व्हायचं होतं, असं सांगणारी माणसं सोनिवलीत आजही भेटतात. थापा आहेत सगळ्या. तिला लहानपणापासून काहीच व्हायचं नव्हतं. बारावीला जेमतेम मार्क पडले, इतक्यात लग्न नको म्हणून घरात रडारड झाली, आणि बाप हरिचंद्र तिला मोटारसायकलवर मागे बसवून उल्हासनगरला घेऊन गेला. तिथे कपड्यांच्या दुकानांच्या वर एक पॅरामेडिकल कॉलेज होतं. टेबलामागचा सिंधी गृहस्थ चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "नर्सिंग तो फुल हो गया, बेटा. डायलिसिस में सीट है. मशीन का काम है, साफसुथरा. स्कोप बहुत है."

डायलिसिस म्हणजे काय हे हरिचंद्रला ठाऊक नव्हतं. पण मशीनचं काम म्हटल्यावर त्याला पटलं. घरी येऊन त्याने सगळ्या आळीला सांगून टाकलं की पोरगी मशीनवरची डॉक्टरीण होणार. स्कोप बहुत है, एवढं मात्र त्या सिंधी माणसाचं खरं निघालं. वर्ष उलटायच्या आत स्कोप घरात येऊन बसला.

हरिचंद्रचा धंदा रेती-विटांचा. सोनिवलीच्या शेतांत टॉवर उभे राहायला लागले तसा त्याने टेम्पो घेतला होता, आणि माणसं मिळाली नाहीत तर सिमेंटच्या गोणी स्वतःच्या पाठीवर घ्यायला तो मागेपुढे बघायचा नाही. त्यात गुडघे गेले. गुडघ्यांवर गोळी. मेडिकलमधून ती गोळी आणायचं काम रिद्धीचं, अगदी शाळेत होती तेव्हापासून. "बाबांची गुडघ्याची द्या" एवढं म्हटलं की दुकानदार पट्टी काढून हातात ठेवायचा. पहिल्या वर्षाला वर्गात मॅडमनी किडनी खराब होण्याची कारणं सांगितली, त्यात ती गोळी नावानिशी होती. रिद्धी त्या दिवशी घरी गेली ती तावातावाने बोलतच. हरिचंद्र हसला. "इतकी वर्सा खाल्ली, मना काय झाला? आता तू मना शिकव." आणि पाण्याबरोबर गोळी गिळून तो टेम्पोवर गेला.

पुढच्या पावसाळ्यात त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गोळ्या आपणच आणून दिल्या, हा काटा रिद्धीच्या मनात तेव्हा रुतला तो रुतलाच. कुणी तिला काही बोललं नाही, तोच जास्त त्रास होता.

दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी तिला अंबरनाथला पाठवलं. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर होतं. एक लांब हॉल, दोन्ही बाजूंना निळ्या रेक्झिनच्या पसरट खुर्च्या, आणि प्रत्येकीशेजारी छातीएवढ्या उंचीचं मशीन. किडन्या बंद पडलेली माणसं तिथे आठवड्यातून तीनदा यायची, चार तास बसायची, अंगातलं रक्त धुऊन परत अंगात घ्यायची आणि घरी जायची. हे बरं होईपर्यंत नाही, जिवंत असेपर्यंत. एसी इतका गार असायचा की प्रत्येकजण आपापली चादर ठेवायचा. दाराशी एक मोठं कपाट होतं, त्यात चादरींच्या घड्या नावाच्या पट्ट्या लावून रचलेल्या असत. आणि तिथला एक रिवाज होता, जो कुणी शिकवत नाही आणि सगळे पाळतात. सेंटरमध्ये कुणी मेलं असं म्हणायचं नाही. "त्यांनी सेंटर बदललं" म्हणायचं. मग दोनचार दिवसांनी घरचं कुणीतरी येऊन चादर घेऊन जायचं आणि खुर्चीवर नवा माणूस बसायचा. त्याला आधीच्याबद्दल कुणी सांगत नसे.

सेंटरचे मुख्य टेक्निशियन देवदत्त सर. माणूस नियमाचा पक्का. पहिल्याच दिवशी त्यांनी रिद्धीला सांगितलं, "इथे ओळख चालत नाही. आमदाराचा फोन आला तरी नंबर म्हणजे नंबर. समजलं?" समजलं होतं. हरिचंद्रचं नाव सेंटरच्या यादीत आधीच नोंदवलेलं होतं आणि त्याच्यापुढे बरीच नावं होती. तोवर हरिचंद्र कल्याणला एका खाजगी ठिकाणी जायचा, आठवड्यातून एकदा. तीनदा जायला हवं होतं, पण टेम्पो विकून झाला होता आणि एकदाच झेपत होतं. डायलिसिस एकदाच झालं की उरलेले दिवस पाणी अंगातच साठत जातं, आधी पायात, मग पोटात, मग छातीत. रिद्धीला हे पुस्तकातून कळलं होतं आणि घरी गेल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या बापाकडे बघून पुन्हा कळत होतं.

पण शिकण्याचं काय? शिकायचं म्हणजे सुई टोचायची. पेशंटच्या हातावर ऑपरेशन करून एक शीर जाड केलेली असते, तिला फिश्चुला म्हणतात. त्यात एकाच वेळी दोन सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. सुया साध्या इंजेक्शनच्या नव्हेत, चांगल्या दाभणासारख्या. आणि ती शीर म्हणजे त्या माणसाचा जीवच. एकदा बिघडली की सगळं अवघड. त्यामुळे रिद्धी ट्रे घेऊन जवळ आली की पेशंट हात चादरीखाली घ्यायचे. एका बाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "शिकाऊ पोरगी नको हं सर, माझा हात काही फळा नाहीये." रिद्धी महिनाभर नळ्या लावणं, वजनं घेणं, बीपी बघणं एवढंच करत राहिली.

हात पुढे केला तो श्रीपादकाकांनी.

श्रीपादकाका कात्रपला राहायचे. एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, रिटायर होऊन वर्षं झालेली. बारीक, गोरे, शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत नीट. सेंटरमधले सगळ्यात जुने पेशंट, आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची. बरोबर कुंदाकाकू असायच्या. त्या बाहेरच्या बाकावर बसून पावट्याच्या शेंगा सोलायच्या आणि साली पिशवीत भरून घरी न्यायच्या. काकांना कमी ऐकू यायचं. म्हणून त्यांनी मोबाइलवर जुन्या काळ्या फोनची घंटा ठेवली होती, अशी खणखणीत की वाजली की आख्खा हॉल दचकायचा आणि समोरचे पेशंट शिव्या घालायचे.

"ये ग पोरी," काका म्हणाले. "कुणाच्या तरी हातावर शिकावंच लागणार ना? मीही कंपनीत पहिला व्हॉल्व्ह उलटाच बसवला होता. टोच."

पहिली सुई तिची चुकली. शीर फुटली, हात कोपरापर्यंत सुजला आणि काळानिळा पडला. रिद्धी रडायला लागली. देवदत्त सर धावत आले, तेवढ्यात काका बाहेर बघून ओरडले, "कुंदा, ये बघ, वांगं तयार झालं. भरलं करतेस का?" पुढच्या वेळी ते आले तेव्हा हात अजून पिवळा-जांभळा होता. रिद्धी लांब उभी राहिली. काकांनी तोच हात पुढे केला आणि म्हणाले, "घाई केलीस तू. आधी बघ, मग बोट ठेव, मग ऐक. शीर बोलते."

शीर बोलायची खरी. फिश्चुलावर बोट ठेवलं की आत थरथर लागते, पोटाशी घेतलेलं मांजर घुरघुरतं तशी. ती थरथर कुठून येते आणि कुठे जाते हे काकांच्या हातावर बोट फिरवून फिरवून रिद्धी शिकली. हळूहळू तिची सुई एका टोच्यात बसायला लागली. मग ज्या बाईंनी फळा काढला होता त्याच म्हणायला लागल्या की मला रिद्धीच लावेल, तिचा हात हलका आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला कशात तरी गती आहे असं कुणीतरी म्हणत होतं. ते दिवस बरे होते, असं म्हणायला हरकत नाही.

शिकाऊ पोरांकडे आणखी एक काम असायचं. डायलिसिसची पाळी सुरू झाली आणि एखादी खुर्ची रिकामी दिसली की त्या पेशंटला सेंटरच्या मोबाइलवरून फोन लावायचा. कारण डायलिसिसचा कंटाळा येतो माणसाला. कुणी लग्नाला जातो, कुणी रुसतो, कुणाला वाटतं आज नाही गेलं तर काय होतंय. होतं. म्हणून फोन. आणि न कळवता लागोपाठ तीन पाळ्या चुकवल्या तर खुर्ची पुढच्या नंबरला जायची, हा सरांचा नियम. मागे एकदा श्रीपादकाका असेच आले नव्हते. रिद्धीने फोन लावून त्यांना असं फैलावर घेतलं की ते तासाभरात रिक्षाने हजर, शर्टाची बटणं एकाआड एक लागलेली. "हिचा फोन म्हणजे कोर्टाचं समन्स आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले. सेंटरचा नंबरच त्यांनी आपल्या मोबाइलमध्ये रिद्धीच्या नावाने टाकून ठेवला.

हिवाळ्यात हरिचंद्रचा नंबर सरकत सरकत पहिला आला. पहिला म्हणजे आता फक्त एक खुर्ची रिकामी व्हायची होती. ती कशी रिकामी होते हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एखाद्याला किडनी मिळाली तरीही होते म्हणा, पण तसं रिद्धीने अजून पाहिलं नव्हतं.

आणि इथून तिचं बिनसलं. पाळी सुरू होण्याआधी पेशंटची वजनं ती घ्यायची. आता काट्यावर माणूस चढला की तिची नजर आकड्यावरून त्याच्या गालफडांवर जायची. याचं मांस झडतंय. हिचा बीपी रोज पडतोय. हे आजोबा मागच्या वेळी मशीनवर बेशुद्ध झाले होते. जे शिक्षण तिने या माणसांना वाचवायला घेतलं, तेच आता आतल्या आत दुसराच हिशोब मांडत होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात. आपण तर अजून मढंही झालं नाही तोवर वाटी घेऊन उभ्या आहोत, असं वाटून तिला स्वतःची किळस यायची. मग ती त्या पेशंटला जरा जास्तच गोड बोलायची, त्याची चादर पायापर्यंत नीट ओढून द्यायची. पण नजर काही हटायची नाही.

घरी आई दारातच विचारायची, "झाली का ग खाली एकादी खुर्ची?" हरिचंद्रला ते ऐकवत नसे. तहानेने त्याची जीभ टाळूला चिकटलेली असायची. पाणी मोजून द्यायचं, मीठ बंद, सुकट बंद. खाडीकडच्या मिठागरांवर ज्याच्या आज्याने जन्म काढला त्याच्या ताटातून मीठच गेलं होतं. बर्फाचा तुकडा चोखत चोखत तो बायकोला म्हणायचा, "असा नको विचारू पोरीला. कुनीतरी मरल तवा मी बसंन. असा देवाकडं मागाचा नसतंय." मग रिद्धीकडे वळून, "बाय, तू बी नको मागू." रिद्धी मान हलवायची. मागत तर ती रोजच होती.

त्या मंगळवारी सकाळी ती निघाली तेव्हा हरिचंद्रला आख्खं वाक्य बोलता येत नव्हतं. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. आई म्हणाली, "आज तरी सांग त्या साहेबाला." रिद्धी सेंटरला पोचली तर तिथे वेगळाच गोंधळ. मशीनला शुद्ध पाणी पुरवणारा प्लांट बिघडला होता आणि देवदत्त सर मेकॅनिकबरोबर गच्चीवर चढले होते. पाळी उशिरा सुरू झाली. पेशंट कुरकुरत बसले, आणि सगळे बसल्यावर रिद्धीच्या लक्षात आलं की खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे.

तिने सेंटरचा मोबाइल हातात घेतला. काकांचं नाव काढलं. बोट त्यावर ठेवायचं एवढंच बाकी होतं. त्याच वेळी तिला दिसलं की ती खुर्चीकडे बघते आहे, आणि खुर्चीत काका नाहीत, बाबा बसले आहेत.

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. ठरवून नाही. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं की ठरवलं नव्हतं, थोड्या वेळाने करणार होते, तेवढ्यात एका मशीनचा अलार्म वाजला. अलार्म वाजला हे खरंच होतं. सर गच्चीवरून घामाघूम होऊन खाली आले आणि म्हणाले, "श्रीपादकाका का नाही आले?"

"फोन लागत नाहीये, सर."

एवढंच बोलली ती. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत. एकदा बोललं की मात्र त्याला सांभाळत बसावं लागतं. गुरुवारी खुर्ची पुन्हा रिकामी होती. आता फोन लावला आणि काकांनीच उचलला, तर मंगळवारचं काय सांगायचं? "परत लाव," सर म्हणाले. तिने मोबाइल कानाला लावून धरला, नंबर न लावताच, आणि थोड्या वेळाने मान हलवली. "काकूंचा नंबर?" सरांनी विचारलं. "तोच एक आहे दोघांचा," ती म्हणाली, आणि हे खरं होतं. सरांच्या डोक्यात पाण्याचा प्लांट होता. "त्यांची ती मुलगी, राजसी, बंगळूरला असते ना? तिच्याकडे गेले असतील. कळवायला काय होतं लोकांना," असं पुटपुटत ते वर गेले.

अंबरनाथहून घरी जाताना शेअर रिक्षा हायवेने कात्रपवरूनच जाते, मग पूल ओलांडून सोनिवलीकडे. कात्रपला काकांची बिल्डिंग रस्त्यावरून दिसते. त्या दिवशी रिक्षा तिथे थांबली, एक बाई उतरली, सुट्ट्या पैशांवरून तिची न् रिक्षावाल्याची हुज्जत झाली. उतरायला भरपूर वेळ होता. रिद्धी दुसऱ्या बाजूला तोंड करून, गॅरेजमध्ये टांगलेले टायर बघत बसली.

शनिवारीही काका आले नाहीत. सोमवारी सकाळी देवदत्त सरांनी आपल्या शब्दाप्रमाणे स्वतः हरिचंद्रच्या घरी फोन केला. आईने फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर नारळ फोडला.

हॉलमध्ये कुणीतरी हळू आवाजात म्हणालं की श्रीपादकाकांनी सेंटर बदललं वाटतं.

मंगळवारी हरिचंद्र आला. पुतण्याने त्याला जवळजवळ उचलूनच आणलं. काट्यावर चढला तर अंगात नुसतं पाणी. खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला आणि लहान पोरासारखा इकडेतिकडे बघायला लागला. पोरगी काम करते ती जागा तो पहिल्यांदा बघत होता. सरांनी त्याची छाती तपासली, हृदयाचा जुना रिपोर्ट बघितला आणि रिद्धीला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. "उशीर झालाय ग. इतके महिने पाण्याचा भार पडून हृदय थकलंय. आपण करूच, पण फार आशा ठेवू नकोस." रिद्धी "हो सर" म्हणाली. तिने तो रिपोर्ट घरी आधीच वाचलेला होता. वाचता येत होतं तिला आता.

"कोण लावणार सुई?" सरांनी विचारलं.

"पोर लावंल," हरिचंद्र म्हणाला.

आधी बघितलं, मग बोट ठेवलं, मग ऐकलं. दोन्ही सुया एकेका टोच्यात गेल्या. हरिचंद्रने डोळे मिटायची तयारी केली होती, ते मिटायच्या आतच काम झालं होतं. "झाला?" त्याला खरंच वाटेना. "काय लागला बी नाय! कोनी शिकवला ग इतका चांगला?" समोरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, हात हलका आहे हो तुमच्या मुलीचा. रिद्धी नळ्या चिकटपट्टीने हाताला बसवत राहिली.

तेवढ्यात दारातून कुंदाकाकू आत आल्या.

एकट्याच होत्या. कपाळ मोकळं. त्यांना बघितल्यावर हॉलमधल्या सगळ्यांना कळलं आणि सगळे आपापल्या मशीनकडे बघायला लागले. काकू कपाटाशी गेल्या, सोलापुरी चादरीची घडी काढून उराशी धरली आणि सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीकडेच आल्या. तिथे हरिचंद्रला बघून थबकल्या. देवदत्त सर पुढे झाले.

"काकू, कधी?"

"रविवारी पहाटे. शनिवारी दम लागला फार. शेजारच्यांनी गाडी काढली, पण..." काकूंनी वाक्य सोडून दिलं. मग रिद्धीचा हात हातात घेतला. "तुझी फार आठवण काढली ग. मंगळवारी सकाळी मी म्हटलं, चला, रिक्षा बोलावते. तर म्हणाले, कंटाळा आलाय कुंदा, नाही जात आज. मी रागावले तर म्हणाले, ती पोरगी सोडणार आहे का मला? तिचा फोन आला की निघू. शर्ट घालून बसले होते. फोन समोर टीपॉयवर. गुरुवारीसुद्धा तसंच. मी म्हटलं, मी लावते फोन, तर लहान मुलासारखे हटून बसले. तू नाही लावायचास, तिला लावू दे."

रिद्धीने हात सोडवून नळीवरची चिकटपट्टी पुन्हा दाबली. तिच्यासाठी सर बोलले. "आम्ही लावत होतो काकू. तिन्ही दिवस रिद्धी लावत होती, लागतच नव्हता."

"असं झालं होय!" काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, जणू ओझं उतरलं. "बघा, आणि त्यांना वाटलं विसरली. जाता जाता म्हणाले, कामात असेल बिचारी. म्हणजे फोनच बिघडलाय मेला." त्यांनी डोळे पुसले. मग हरिचंद्रकडे वळल्या. "तुम्ही हिचे वडील का हो? गार लागतंय ना तुम्हाला?" हातातली घडी त्यांनी उलगडली आणि हरिचंद्रच्या अंगावर घातली, पायापर्यंत नीट ओढून. "राहू दे इथेच. घरी नेऊन मी काय करणार? यांच्याच हातावर शिकली तुमची मुलगी. मुलीसारखी होती त्यांना."

हरिचंद्रने हात जोडायचा प्रयत्न केला, पण एका हाताला सुया होत्या, म्हणून दुसरा नुसता कपाळाला लावला.

काकू जायला निघाल्या आणि दोन पावलांवरून परत फिरल्या. पर्समधून काकांचा मोबाइल काढला. "रिद्धी, एवढं बघ ग. आता हा माझ्याकडेच असणार. राजसी परत गेली की मी एकटीच, तिचा फोन यायचा यावर. लागत नसेल तर दुकानात दाखवायला हवा. तू इथून लावून बघतेस जरा?"

सेंटरचा मोबाइल टेबलावर होता. रिद्धी जागची हलली नाही. "लाव ना," सर म्हणाले, आणि ती हलत नाही असं बघून त्यांनीच मोबाइल उचलला, काकांचं नाव काढलं आणि बोट ठेवलं.

काळ्या फोनची ती घंटा खणखणून वाजली. नेहमीसारखा आख्खा हॉल दचकला. या वेळी कुणी शिवी घातली नाही.

"अगं, लागतोय की," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. "आणि नावही तुझंच येतंय बघ." त्या घंटा बंद कशी करायची ते शोधत राहिल्या. देवदत्त सरांनी कानाजवळचा मोबाइल खाली घेतला आणि रिद्धीकडे बघितलं. बघतच राहिले.

काकू गेल्या.

"बाय," चादरीखालून हरिचंद्र हळूच म्हणाला. श्वास घेतला. "तू फोन... केलतास ना?"

रिद्धीने मशीनकडे पाहिलं. रक्त नळीतून छान वाहत होतं, प्रेशर बरोबर होतं, सुयांच्या जागी एक थेंबही पाझरला नव्हता. कामात कुठे म्हणून चूक नव्हती. हरिचंद्रने मोकळ्या हाताने अंगावरची चादर बाजूला सरकवली. ती खुर्चीच्या कडेवरून घसरून फरशीवर पडली. पाळी संपायला अजून पुष्कळ वेळ होता. तोवर त्याला त्या खुर्चीतून उठता येणार नव्हतं, आणि तिला खुर्चीजवळून हलता येणार नव्हतं.